मदत हवी आहे: जुन्या आउटबोर्डच्या गिअरकेसमधून ऑईल गळतंय

सुकाणू
होडीच्या मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन: १५ एचपी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर. गळती गिअरकेसमधून, म्हणजे प्रॉपेलर फिरवणारे गिअर असलेल्या खालच्या भागातून. इंजिन रात्रभर उभं ठेवलं की प्रॉपेलरखाली तळहाताएवढा काळा डाग पडतो. तळाचा स्क्रू काढला तर ऑईल दुधाळ निघालं. स्क्रूच्या चुंबकावर राखाडी लेप आहे, पण बोटाला टोचेल असा कण नाही. प्रॉपेलर शाफ्टचे सील (फिरत्या दांड्याभोवती ऑईल-पाणी अडवणाऱ्या, रबरी ओठाच्या कड्या) बदलले की भागेल, की अख्खी गिअरकेस उघडायची?

पाना_तेरा
आधी तो डाग कशाचा आहे ते बघा. एक्झॉस्ट प्रॉपेलरच्या हबमधून जात असेल तर अर्धवट जळलेलं टू-स्ट्रोक ऑईल तिथूनच ठिबकतं. ते काळं, पातळ असतं आणि त्याला धुराचा वास येतो. गिअर ऑईल दाट असतं, दोन बोटांत धरलं की तार सुटते, आणि गंधकासारखा उग्र दर्प येतो. डाग कसलाही निघाला तरी दुधाळ ऑईल म्हणजे पाणी आत शिरलंय, त्यामुळे काम आहेच. चुंबकावरचा लेप नेहमीचाच, त्याची काळजी नको.

पाणी शिरायच्या जागा मोजक्या: वरखालच्या दोन स्क्रूंचे वॉशर, प्रॉपेलर शाफ्टचे सील, बेअरिंग कॅरिअरची (प्रॉपेलर शाफ्टला धरणाऱ्या भागाची) ओ-रिंग म्हणजे रबरी कडी, वॉटर पंपाखालचे ड्राइव्ह शाफ्टचे (इंजिनाकडून खाली येणाऱ्या दांड्याचे) सील आणि शिफ्ट रॉडची (गिअर बदलणाऱ्या दांडीची) ओ-रिंग. पैकी स्क्रूंचे वॉशर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. ऑईल बदलताना प्रत्येक वेळी नवे घालायचे असतात, पण जुनेच चेपून परत लावले जातात.

एक सावधगिरी. काही जुन्या मॉडेलांत ड्रेन स्क्रूजवळच (ऑईल काढायच्या तळाच्या स्क्रूजवळ) फुलीच्या खाचेचा आणखी एक स्क्रू असतो. तो शिफ्टचा पिव्होट, म्हणजे गिअर बदलणारा दुवा ज्यावर फिरतो ती खीळ, धरतो. ड्रेन समजून तो काढलात तर आतला दुवा निसटतो, आणि मग गिअरकेस उघडावीच लागते.

ग्रीसगन
प्रेशर टेस्ट केल्याशिवाय सील मागवू नका. ऑईल पूर्ण काढा, खालचा स्क्रू नव्या वॉशरसह घट्ट करा, वरच्या व्हेंटच्या भोकात गेज असलेला हातपंप जोडा. आधी ३ ते ५ पीएसआय (दाबाचं एकक) हवा भरा. दोन्ही शाफ्ट हाताने फिरवा, शिफ्ट रॉड वरखाली करा. मग १० ते १२ पीएसआयपर्यंत न्या आणि निदान पाच मिनिटं काटा हलतो का बघा. कमी दाबाची फेरी टाळू नका. जास्त दाबात सीलचा ओठ शाफ्टवर दाबला जातो आणि खराब सीलसुद्धा शहाण्यासारखा वागतो. गिअरकेस पाण्यात बुडवली की बुडबुडे जागा दाखवतात.

त्यानंतर व्हॅक्यूम, म्हणजे हवा बाहेर ओढून तीच चाचणी: आधी ३ ते ५ इंच पारा, मग १५. चालताना केस तापते आणि ऑईल बाहेर ढकललं जातं. थांबल्यावर थंड पाण्यात ती आकसते आणि पाणी ओढून घेते. म्हणून नुसत्या दाबाची चाचणी अर्धीच. व्हॅक्यूम टिकत नसेल तर संशयाच्या जागी ऑईलचा थेंब सोडा. तो आत ओढला गेला की जागा सापडली. मॅन्युअलमध्ये आकडे वेगळे असतील तर ते पाळा.

सुकाणू
केली. दाब टिकतो, पण प्रॉपेलर शाफ्ट फिरवला की तिथेच बुडबुडे येतात. व्हॅक्यूमही तिथेच सुटतो. ड्राइव्ह शाफ्ट कोरडा आहे. आता सील कोणत्या दिशेने बसवायचे? दोन आहेत.

पाना_तेरा
पाठीला पाठ. आतल्या सीलचा स्प्रिंग दिसणारा ओठ ऑईलकडे, बाहेरच्याचा पाण्याकडे. आतला ऑईल अडवतो, बाहेरचा पाणी. तुमच्याकडे दाब आणि व्हॅक्यूम दोन्ही तिथेच सुटतात, म्हणजे दोन्ही गेलेत.

स्पार्क प्लगच्या वायरी काढून ठेवा, मगच प्रॉपेलरला हात लावा. प्रॉपेलर निघाला की थ्रस्ट वॉशरमागे (प्रॉपेलरच्या पुढच्या जाड चकतीमागे) मासेमारीची तंगूस गुंडाळलेली आहे का बघा. ती सीलच्या ओठाखाली घुसून त्याला कापत जाते. मग कॅरिअरचे बोल्ट काढून पुलरने तो सरळ ओढा. क्षाराने धरला असेल तर बाहेरून केस थोडी गरम करा, पण हातोड्याने ठोकू नका. कॅरिअरची ओ-रिंगही आत्ताच बदला.

शाफ्टवर जिथे सीलचा ओठ घासतो तिथे नख फिरवा. नख अडकलं तर चर पडलीय, नवा सीलही गळेल. चर उथळ असेल तर सील एखाद-दीड मिलिमीटर मागेपुढे बसवून ओठ कोऱ्या जागी आणता येतो, नाहीतर पातळ रिपेअर स्लीव्ह चढवावी लागते. शाफ्ट फिरवून टोक डोलतं का तेही बघा. वाकडा शाफ्ट नवे सील फार दिवस टिकू देत नाही.

बसवताना सीलच्या बाहेरच्या धातूच्या कडेला गॅस्केट सीलंटचा पातळ हात द्या, दोन ओठांमध्ये वॉटरप्रूफ ग्रीस भरा, आणि सीलच्या बाहेरच्या कडेवर टेकेल अशा सॉकेटने सरळ दाबा. शाफ्टच्या स्प्लाईनवर (टोकाच्या धारदार खाचांवर) चिकटपट्टी गुंडाळून मगच कॅरिअर सरकवा. तेवढं विसरलात तर नवा ओठ तिथेच फाटतो.

ग्रीसगन
कोणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो: गळती थांबवायला ऑईलऐवजी ग्रीस भरू नका. गिअर ग्रीसमधून स्वतःपुरता बोगदा कोरतात आणि त्यात कोरडे फिरतात.

ऑईल आउटबोर्डचंच घ्या, ८०डब्ल्यू-९०. या आकाराच्या केसमध्ये साधारण २५० मिली मावतं. इंजिन उभं ठेवून दोन्ही स्क्रू काढा आणि खालच्या भोकातून पंपाने भरा. वरून भरलं तर हवा अडकते. वरून बुडबुड्यांशिवाय ऑईल आलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग नळी काढून झटकन खालचा. वर बंद असल्याने ऑईल चमचाभरच सांडतं. अर्ध्या तासाने वरचा उघडून पातळी बघा.

पहिल्या दोन-तीन तासांच्या वापरानंतर खालचा स्क्रू किंचित सैल करून चार थेंब पांढऱ्या कागदावर घ्या. केसमधलं पाणी तळाशी बसतं, म्हणून ही पाहणी इंजिन रात्रभर उभं राहिल्यावर, हलवण्याआधी करा.