मदत हवी आहे: इन्सॉल्व्हन्सी (दिवाळखोरी) कोर्टाच्या रजिस्टरात नाव सापडलं, आता पुढे काय?

शाईचा_डाग
थेट मुद्द्यावर येते. मुंबईच्या कापूस दलालांवर प्रबंध चालू आहे. ज्या दलालाच्या मागावर आहे त्याचं नाव इन्सॉल्व्हन्सी कोर्टाच्या रजिस्टरात मिळालं. क्रमांक, तारीख, नाव, बापाचं नाव, धंदा, वकील आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईत ‘डिसमिस्ड’. बस्स. कर्ज किती, कुणाचं, काही पत्ता नाही. मूळ फाइल कुठे मिळेल? आणि डिसमिस्ड म्हणजे गड्याने देणी फेडली असं धरू ना? प्रकरण याच आठवड्यात गाइडना द्यायचंय. ‘संशोधनाला संयम लागतो’ हे माहीत आहे, कृपया ते नको.

निवांत_नगरकर
साल?

कोर्टकारकून
साल हवंच. शिवाय अर्ज त्याचा स्वतःचा की धनकोचा? आणि मूळ रजिस्टर पाहिलंत की फोटो?

शाईचा_डाग
साल १८६५ च्या शेअर मेनियानंतरचंच, अजून कुठलं असणार! फोटो आहेत, एका ज्येष्ठांनी दिलेले. अर्ज कुणाचा ते कसं ओळखायचं?

तेजीमंदी
वा, आवडता विषय! एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतली यादवी संपली, कापूस कोसळला आणि १ जुलैला वायद्यांचे हिशेब चुकते करायची वेळ आली तेव्हा अख्खी मुंबई उताणी पडली. बॅक बे रेक्लमेशन या समुद्र-भराव कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला होता, बोला! बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २८५० वरून ८७ वर आला. त्या सट्ट्याचे बादशहा प्रेमचंद रायचंद यांच्यावर तर स्वतंत्र धागा काढायला हवा.

निवांत_नगरकर
मग काढा की स्वतंत्र.

रुमालवाला
ताई, रजिस्टर सोडा, गॅझेट धरा. बॉम्बे गव्हर्नमेंट गॅझेटमध्ये नादारांच्या नोटिसा छापून येत. माझं अर्धं काम त्यावरच झालं. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, संस्थेचं पत्र घेऊन जा.

कोर्टकारकून
रुमालवाले, तुमच्याकडे प्रत्येक दुखण्यावर गॅझेटचाच काढा असतो. नोटिशीत नाव आणि तारीख मिळेल, ती ताईंकडे आहेच. त्यांना हवंय शेड्यूल. अर्जदार आपल्या देण्याघेण्याची यादी जोडतो, कुणाचे किती, तारण काय, येणं कुणाकडे. ती यादी फाइलीत असते, रजिस्टरात नाही. हे कोर्ट १८४८ च्या कायद्याखालचं, १८६२ नंतर हायकोर्टाचे न्यायाधीश तिथे बसत. त्यामुळे चौकशी हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला (थेट हायकोर्टातच दाखल होणाऱ्या दाव्यांचा विभाग), प्रोथोनोटरींच्या म्हणजे तिथल्या मुख्य दप्तर अधिकाऱ्याच्या कार्यालयात करा. अर्जात नुसता क्रमांक देऊ नका, क्रमांक आणि साल दोन्ही द्या.

रुमालवाला
आणि फाइल नसली तर? तेव्हा गॅझेटच कामाला येतं. पत्ता, धंदा, सुनावणीची तारीख त्यात असते. तारीख हातात आली की त्या आठवड्याची वर्तमानपत्रं चाळता येतात.

सल्ला_फुकट
दिवाळखोरीचा कायदा आता बदलला आहे. २०१६ चा आयबीसी वाचा. कंपन्यांची प्रकरणं एनसीएलटी या न्यायाधिकरणात चालतात. सिबिल खराब झाला असेल तर आधी बँकेशी बोला.

निवांत_नगरकर
अहो, माणूस दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. त्याचा सिबिल कोण बघतंय?

कोर्टकारकून
आता ‘डिसमिस्ड’. इथे बरेच अभ्यासक घसरतात. अर्ज दाखल झाला की वेस्टिंग ऑर्डर निघे आणि त्याची मालमत्ता ऑफिशियल असाइनी या कोर्टाच्या अधिकाऱ्याच्या नावे होई. अर्ज फेटाळला की ती ऑर्डर रद्द आणि मालमत्ता परत त्याची. पण दरम्यान असाइनीने काही विकलं असेल तर ती विक्री कायम. कर्ज कुठेही फिटलेलं नाही! उलट कोर्टाचं संरक्षण गेलं, म्हणजे सावकार दावे लावायला आणि तुरुंगात टाकायला मोकळे. म्हणून त्याच्या नावचे पुढच्या दोनतीन वर्षांतले दिवाणी दावे शोधा. फेडलं असेल तर कोर्टाबाहेर तडजोडीने, आणि तो कागद या रजिस्टरात यायचं कारण नाही.

रुमालवाला
हे मान्य. शेड्यूल मिळालं तरी आकडे जपून वापरा. तो ऋणकोचा स्वतःचा जबाब असतो, मेहुण्याच्या नावावर हजार रुपये देणं दाखवायला काय जातंय? असाइनीपुढे शाबीत झालेले दावे वेगळे. शेवटी धनकोंच्या पदरात रुपयामागे किती आणे पडले, तो आकडा खरा.

शाईचा_डाग
दावेही शोधले की, हायकोर्टाच्या इंडेक्समध्ये नावच नाही. यशवंत, ‘वाय’ची सगळी पानं पालथी घातली.

निवांत_नगरकर
‘ई’ बघा. तेव्हाचे कारकून यशवंत ‘ई’ने लिहीत. वासुदेव ‘डब्ल्यू’त, कृष्णाजी ‘सी’त. आणि आडनावाने शोधू नका, पहिल्या नावाने लावलेलं असतं, सोबत बापाचं नाव.

तेजीमंदी
यशवंत? दलाल मराठी? कापसात तर भाटिया, पारशी, बनिया. मराठी माणूस धंद्यात...

रुमालवाला
झालं सुरू. तेजीमंदी, तो वाद गावगप्पांत न्या.

कोर्टकारकून
त्यापेक्षा महत्त्वाचं, तो राहायचा कुठे? या कोर्टाची हद्द मुंबई शहरापुरती. पेढी मोफसलात, म्हणजे शहराबाहेरच्या मुलखात, असेल तर तिकडचे दावे तिकडच्या दिवाणी कोर्टात जात. हायकोर्टाचा इंडेक्स ‘ई’पर्यंत चाळूनही हाती काही लागायचं नाही.

शाईचा_डाग
‘ई’मध्ये एक यशवंत आहे! बापाचं नाव जुळतंय, धंदा मात्र ‘ग्रेन डीलर’. राहायला भायखळा, पण पेढी पनवेललाही होती, म्हणून काय झालं?

कोर्टकारकून
हे पनवेल पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं. दाव्याचं साल आणि वादीचं नाव टाका, आणि रजिस्टरातल्या त्या ओळीचा फोटोही. पनवेल तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, तिथल्या दाव्यांचा रस्ता वेगळा आहे.

सल्ला_फुकट
पनवेलला चांगले वकील ओळखीचे आहेत. व्यक्तिगत निरोप करा.