एकटे राहणाऱ्यांनो, तुमची माणसं कुठे जमली?

कुणाचं लग्न झालेलं नाही, कुणाचा जोडीदार गेला, कुणाची मुलं परदेशी, कुणी नोकरीपायी परगावी. एकटं का राहता हे इथे नको, ते विचारायला नातेवाईक आहेतच. दोन दिवस दिसला नाहीत तर "काय हो, बरंय ना?" म्हणणारी माणसं राहत्या गावात कशी जमवलीत, ते लिहा. जमलं नसेल तर तेही लिहा.

माझं सांगते. डोंबिवली, वय ५२. माझा गोतावळा लोकलच्या लेडीज डब्यातला होता. भाजी निवडणं, हळदीकुंकू, दसऱ्याला डबा सजवणं, सगळं तिथेच. मला डेंग्यू झाला तेव्हा रोजच्या गाडीला दिसले नाही म्हणून दुपारी फोन आला आणि संध्याकाळी पेज घेऊन दोघी दारात. मग ऑफिसचं काम घरून सुरू झालं. गाडी सुटली, गोतावळाही सुटला.

माजी खजिनदार, पुणे
वय ७७. पत्नी गेल्यावर मुलीने ज्येष्ठ नागरिक संघात नाव घातलं. सुरुवातीला मी मागच्या खुर्चीवर बसून व्याख्यानं ऐकायचो: मधुमेह, मृत्युपत्र, पुन्हा मधुमेह. ओळख एकाशीही नाही. पुढे आमच्या खजिनदारांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि मी बँकेतला म्हणून पावतीपुस्तक माझ्या गळ्यात पडलं. वर्गणीसाठी घरोघरी जावं लागतं. चहा होतो, कुणाचा गुडघा, कुणाचा सुनेशी अबोला, सगळं कळतं. नुसते सभासद राहू नका, एखादं काम अंगावर घ्या, एवढंच सांगेन.

सहलीही होतात. एसटीत ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही, ६५ ते ७५ वाल्यांना निम्मं. आमच्यातली सत्तरीची 'पोरं' निम्मं तिकीट काढतात आणि पोचेपर्यंत कुरकुरतात.

ढोलवाली, वाकड
३१, आयटी. फ्लॅटमेटचं लग्न झालं आणि शनिवार-रविवार खायला उठले. ऑफिसातल्या एकीमागून ढोलपथकात गेले. गणपतीच्या दोनेक महिने आधीपासून सराव. पहिल्या आठवड्यात हाताला फोड आले, पण ओळखी झाल्या त्या वादनाआधी. ढोल ताणायला दोघं लागतात: एकानं दोरी खेचायची, दुसऱ्यानं ती सैल पडू न देता धरायची. समोरच्याचं नाव माहीत नसलं तरी "अजून ओढ, अजून!" असं ओरडावंच लागतं.

विसर्जनानंतर मात्र ग्रुपवर शुकशुकाट, हे खरं. आमच्यातल्या चौघी रविवारी तळजाईला जातो, बाकीचे थेट पुढच्या वर्षी.

एकला जीव
मला संघ, पथक काही झेपत नाही. हास्यक्लबही बघितला. डॉ. कटारियांनी १९९५ मध्ये मुंबईत तो सुरू केला तेव्हा आधी विनोद सांगत. ते संपले म्हणून विनोदाशिवाय हसायचं ठरलं. मला सकाळी सकाळी विनोद असूनही हसू येत नाही. वाचनालय बरं. पेपरच्या टेबलाशी रोज तीच डोकी, बोलायची सक्ती नाही. एका काकांनी एक दिवस अडलेलं शब्दकोडं न विचारता माझ्यापुढे सरकवलं. आता मी नसलो की ते कोडं अर्धंच ठेवतात म्हणे.

सांगलीची मावशी
भिशी लावा! पैसे अडकलेले असले की कुणी दांडी मारत नाही, आणि मारलीच तर शोध लागतोच. आमच्यातल्या दोघींकडे माझ्या घराची किल्ली आहे. न्हाणीघरात पाय घसरला तेव्हा दार फोडावं लागलं नाही. साठीपुढच्यांनी सरकारची १४५६७ ही एल्डरलाईनही फोनमध्ये टाकून ठेवा. सकाळी ८ ते रात्री ८, पैसे पडत नाहीत. पण रात्री अकराला किल्लीच कामी येते.

धागाकर्ती
मावशी, किल्लीचं आजच बघते. आमच्याकडचे बहुतेक कार्यक्रम संध्याकाळी पाचला, तेव्हा मी कॉलवर असते. डोंबिवलीत सातनंतरचं काही?

टिळकनगरकर
अहो, पाडव्याच्या शोभायात्रा आपल्याच गावातून सुरू झाल्या की! तयारीचं काम रात्रीच चालतं. चित्ररथाला हात कमीच पडतात. नाव-गाव नंतर विचारतात, आधी ब्रश देतात. जुने कपडे घालून या.