ब्लू इग्वाना कायम निळा नसतो हो
कुणीतरी लिहिलंय की ग्रँड केमन या कॅरिबियन बेटावरचा ब्लू इग्वाना (एक मोठा सरडा) कायम निळाच दिसतो, तसं नाहीये. एरवी तो तिथल्या टोकदार चुनखडीसारखा राखाडीच असतो, दुसरा इग्वाना समोर आला की मग निळा रंग चढतो, नरावर तर जास्तच. रात्री खडकाच्या कपारीत झोपायचं, सकाळी उन्हात अंग शेकायचं आणि मग पानं-फुलं-फळं चरत बसायचं, साहेबी थाट एकदम! पण मादीला अंडी पुरायला माती लागते आणि त्या खडकाळ भागात ती कुठेतरी खळग्यात साचलेली तेवढीच. २००२ मध्ये रानात जेमतेम १०-२५ उरल्याचा अंदाज होता, पाळून वाढवून सोडले म्हणून वाचले, २०१८ मध्ये हजाराचा आकडा गाठला. फोटोत मानेवर रंगीत मणी दिसले तर दागिना समजू नका, ओळखपत्र आहे ते. आणि मोकाट मांजरं यांची पिल्लं फस्त करतात.