आप्पांनी अवयवदानाचं कार्ड काढलंय, उद्या मोठा भाऊ आडवा आला तर?

पारोळेकर७१:
रामराम मंडळी. आमच्या आप्पांनी (वय ६८) आधार टाकून अवयवदानाची नोंदणी केली, कार्ड प्रिंट करून पाकिटात एसटीच्या कार्डामागे ठेवलंय. आईला मान्य आहे. मोठा भाऊ सुरतला असतो, तो म्हणतो देह अर्धवट गेला तर गती मिळत नाही, गंधमुक्तीला भाऊबंद काय बोलतील, मी सही देणार नाही. मग कायद्याने शेवटचा शब्द कोणाचा? आणि सुनेची म्हणजे माझ्या बायकोची सही चालते का?

जळगावचा_वकील:
भाऊ, अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा, दुरुस्ती २०११ ची, नियम २०१४ चे. जिवंतपणी दोन साक्षीदारांसमोर लिहून दिलं, त्यातला एक जवळचा नातेवाईक असला आणि नंतर मागे घेतल्याचं दिसत नसलं, तर कायद्याने ते पुरेसं आहे. काहीच लिहिलेलं नसलं तर मात्र एका जवळच्या नातेवाईकाची हरकतही विषय थांबवते. जवळचे म्हणजे नवरा-बायको, मुलं, आईवडील, भाऊबहीण, आजीआजोबा, नातवंडं. सून-जावई त्यात नाहीत, म्हणून वहिनींची सही चालणार नाही. आप्पांकडून कागदावरही लिहून घ्या, साक्षीला आईची सही घ्या.

धुळ्याची_सिस्टर:
वकीलसाहेब बरोबर आहेत, पण दादा, आयसीयूत वेगळं होतं. कागद असला तरी डॉक्टर घरच्यांच्या सहीशिवाय पुढे जात नाहीत, मी तरी कधी बघितलं नाही. ब्रेन डेड, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलाय, हे चार डॉक्टरांचं पॅनल ठरवतं, तपासण्या दोनदा, मध्ये किमान सहा तास. त्या वेळात व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होत असते, हात गरम असतो, मॉनिटरवर ठोके दिसतात, आणि अशा वेळी रात्रीची गाडी पकडून आलेला मुलगा म्हणतो की माझा बाप जिवंत आहे, आणि त्याचं काय चुकतं हो? म्हणून भावाला आप्पांनी स्वतः सांगू द्या, तुम्ही नको. टाके घालून देह नीट परत देतात हेही सांगा, अंत्यविधी नेहमीसारखाच होतो.

केळीवाला_रावेर:
घरीच गेले तर? आणि दवाखान्याचं बिल कोण भरतं?

धुळ्याची_सिस्टर:
घरी गेले तर किडनी-लिव्हर नाही, पण डोळे देता येतात, सहा तासांच्या आत. लगेच नेत्रपेढीला फोन करा, पंखा बंद, पापण्या मिटवून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. बिलाचं म्हणाल तर संमती दिल्यानंतर अवयव टिकवायचा जो खर्च असतो तो घरच्यांवर टाकता येत नाही, त्याआधीच्या उपचाराचं बिल आपलं. आणि कोणी पैसे देऊ केले तर थेट गुन्हा आहे, पाच ते दहा वर्षं जेल.

पारोळेकर७१:
ॲक्सिडेंट झाला तर पोस्टमॉर्टेममुळे अडतं का?

जळगावचा_वकील:
अडत नाही, पोलिसांना कळवावं लागतं, ते हॉस्पिटल बघतं. पोस्टमॉर्टेम आणि अवयव काढणं एकाच वेळी करता येतं.