मदत हवी आहे: व्हायबर्नमच्या पानांची नुसती जाळी उरली आहे

ओसरी
मंडळी, आम्ही न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीजवळ राहतो. चार वर्षांपूर्वी शेजाऱ्याच्या बाजूने आडोसा हवा म्हणून ॲरोवुड व्हायबर्नमची चार झुडपं लावली, चारही 'ब्लू मफिन' जातीची. आता छातीइतकी उंच झाली आहेत. नर्सरीतला माणूस म्हणाला होता, फुलं येतील, मग निळी फळं येतील, पक्षी येतील. फुलं दरवर्षी येतात. फळं मात्र चार वर्षांत मूठभरसुद्धा नाहीत.

पण खरी अडचण वेगळीच. मे महिन्यात पानांना बारीक भोकं दिसली, तेव्हा गोगलगाय असेल म्हणून सोडून दिलं. आता जून अर्धा गेला आणि पानांच्या फक्त शिरा उरल्यात. पिवळट हिरव्या, अंगावर काळे ठिपके असलेल्या अळ्या होत्या, त्याही चार दिवसांपासून दिसत नाहीत. झुडपांजवळ गेलं की एक कुबट वास येतो.

आई-बाबा मिरजेहून आलेत. आईचं म्हणणं, फायरप्लेसमधली राख टाक. मी निंबोळी तेल आणून ठेवलंय. फवारू का? झुडपं जगतील का?

ता. क. संबंध असेल-नसेल, पण जानेवारीत बर्फ झटकताना कोवळ्या डहाळ्यांवर खालच्या बाजूने बारीक टिपक्यांची सरळ ओळ दिसली होती, शिवणयंत्राने टीप घालावी तशी. काय ते कळलं नाही, तसंच राहिलं.

हडसनकाठ
ता. क. सगळ्यात वर लिहायला हवा होता! ती टीप म्हणजेच तुमची कीड. व्हायबर्नमचा पानभुंगेरा. मूळचा युरोपातला, आपल्या राज्यात १९९६ मध्ये सापडला. मादी डहाळीला ओळीने खड्डे पाडते, त्यात अंडी घालते आणि चावलेल्या सालीचा भुसा वर लिंपून बुजवते. एक मादी पाचशेपर्यंत अंडी घालते. मेमध्ये अळ्या, जूनमध्ये त्या मातीत उतरून कोषात जातात, जुलैत तपकिरी भुंगेरे बाहेर येऊन उरलीसुरली पानं खातात आणि थंडी पडेपर्यंत पुन्हा अंडी.

म्हणून आत्ता फवारू नका. अळ्या मातीत गेल्या, तेल कोणाला लागणार? राखेचंही तेच.

ओसरी
म्हणजे हे वर्ष हातचं गेलं?

हडसनकाठ
पानांपुरतं गेलं. झुडूप एका वर्षात मरत नाही, पुन्हा पालवी फुटेल. लागोपाठ दोन-तीन वर्षं असंच झालं तर मात्र मरतं. सध्या आठवड्यातून एकदा मुळाशी भरपूर पाणी आणि लाकडाच्या भुश्याचं आच्छादन, खोडाला चिकटू न देता. खत नको, उपाशी झाडाला जेवणाची घाई नसते.

खरं काम ऑक्टोबर ते एप्रिल. पानं गळाली की खुर्ची घेऊन बसा, एकेक डहाळी उलटी करून बघा, टीप दिसली की छाटा आणि कचऱ्यात टाका. कंपोस्टमध्ये नको. मी दोन हिवाळे केलं, तिसऱ्या वर्षी पानं जवळजवळ शाबूत. मेच्या सुरुवातीला अळी बारीक असताना पानांच्या खालून कीटकनाशक साबण मारला तर लागू पडतो. फूल उमलल्यावर मारू नका, मधमाश्या येतात.

रानजाई
छाटणीबद्दल एक. व्हायबर्नमच्या पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात. त्यामुळे एरवी छाटणी फुलं संपल्या संपल्या करायची. हिवाळ्यात कापलं की फुलं जातात. तुमच्या बाबतीत जाऊ द्या, झाड राहिलं पाहिजे.

आणि फळं न येण्याचं कारण मला वाटतं नर्सरीवाल्याने अर्धवट सांगितलं. चारही 'ब्लू मफिन' म्हणजे एकाच झाडाच्या चार फांद्या समजा. स्वतःच्या परागांनी व्हायबर्नमला फळ धरत नाही. जवळ ॲरोवुडचीच दुसरी जात हवी, 'शिकागो लस्टर'सारखी. पण भुंगेऱ्याचा बंदोबस्त होईपर्यंत आणखी ॲरोवुड आणू नका, त्याला ते फार आवडतं.

ओसरी
कोरियन स्पाइस व्हायबर्नम लावलं तर? शेजारणीकडे आहे, वास काय सुंदर येतो.

रानजाई
जरूर लावा, भुंगेरा त्याच्या वाटेला फारसा जात नाही. पण तुमच्या फळांना त्याचा उपयोग नाही. ते आधीच फुलून जातं, आणि प्रजातीही वेगळी.

ओसरी
दोघांचेही आभार. निंबोळी तेल परत कपाटात. आईला टिपेचं सांगितलं तर म्हणाली, ऑक्टोबरला मी इथे नसेन, मला फोटो पाठव. आणि राखेची बादली अजून झुडपांशेजारीच आहे.