हुन्नूरचं पाण्यातलं विठ्ठल मंदिर: बघायला जाणाऱ्यांसाठी

बेळगाव जिल्ह्यात घटप्रभा नदीवरच्या हिडकल धरणात बुडालेलं हुन्नूरचं देऊळ उन्हाळ्यात उघडं पडतं. पाणी पुरतं ओसरेपर्यंतच्या मधल्या दिवसांत चारी बाजूंनी पाणी, मधे काळा दगड. जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल ते नेमकं लिहा, असं वाचकांना विचारलं; गावोगावहून आलेली ही उत्तरं.

संकेश्वरहून: निघण्याआधी पेपरातली धरणाची पातळी बघा. भरल्यावर 2175 फूट, साठा 51 टीएमसी (अब्ज घनफूट). नुसत्या महिन्यावर भिस्त ठेवू नका; साठा जास्त उरला तर देऊळ उशिरा उघडं पडतं. आपल्या संकेश्वरच्या पुलाखालच्या हिरण्यकेशी नदीवरून तर अंदाज बांधूच नका, ती घटप्रभेला धरणाच्या खाली मिळते.

यमकनमर्डीहून: सगळ्यात फसवा तो गाळ. वरून उन्हानं तडकलेला, खपली उचलली तर हातात येईल इतका कोरडा. वीतभर खाली मात्र लोणी. पुरुषभर उंचीची काठी टोचत चला. ती सहज आत गेली की तिथून मागे फिरा. गुडघ्यापर्यंत रुतलात तर पाय हिसडू नका. खाली पोकळी धरते आणि दुसरा पायही जातो. मागे बसा, वजन पाठीवर घ्या, पाय डावीकडे-उजवीकडे हलवत पाणी आत शिरू द्या, मग सावकाश काढा. चप्पल अजिबात नको, ती गाळातच राहते. बंदाचे बूट घाला.

बेळगावहून: पोहून जाऊ नका. पाण्याखाली जुन्या भिंती असतात, मासेमारीची जाळी असतात. होडीत लाइफ जॅकेट नसेल तर काठावरून बघितलेलं बरं.

निपाणीहून: दरवर्षी भिजणाऱ्या-वाळणाऱ्या बांधकामात सांधे आधी धुऊन जातात. दगड जागेवर दिसतो, पण त्याला धरून ठेवणारं काही उरलेलं नसतं. म्हणून शिखरावर चढू नका, कोनाड्याला लोंबकळू नका. वाळलेल्या शेवाळाला ओला बूट लागला की तेलासारखं घसरतं. आणि कळवळून सांगतो, नारळ त्या दगडावर फोडू नका. हार, पिशव्या परत न्या. राहिलेलं सगळं पावसाळ्यात पाण्यातच जातं.

चंदगडहून: जूनमध्ये तिकडे धरणाजवळ हुक्केरीत लख्ख ऊन असलं तरी फसू नका. घटप्रभा आणि तिला मिळणारी ताम्रपर्णी, दोन्ही नद्या आमच्याकडून येतात; पाऊस इथे पडतो, पाणी तिकडे चढतं. देवळापेक्षा वाटेतला खोलगट भाग आधी भरतो, म्हणजे देवळापाशी कोरडं असतानाच परतीची वाट तुटते. पोचल्याबरोबर त्या खोलगट भागात, पाण्याच्या कडेला एक दगड ठेवा. तो भिजलेला दिसला की लगेच निघा.