अत्तर, सेंट, परफ्युम : तुमचे अनुभव लिहा

चादरवाली
काल आईचं लोखंडी कपाट आवरायला घेतलं. बाबांच्या पांढऱ्या शर्टांच्या घडीत एक इवलीशी कुपी निघाली. आत थेंब नाही, पण बूच फिरवलं आणि थेट सोलापूरचं होम मैदान! गड्डा यात्रेची गर्दी, नंदीध्वज, आणि मी बाबांच्या खांद्यावर. बाबा यंत्रमागावर टॉवेल विणायचे, वर्षभर अंगाला मशीनच्या ऑईलचा वास. पण संक्रांतीत सिद्धेश्वरांच्या अक्षता सोहळ्याला निघताना कानात फाया ठरलेला. त्या अत्तराचं नाव कधी विचारलंच नाही. ओल्या मातीसारखं, मधेच हिरवट, मागून गोड. ओळखेल का कुणी?
आणि तुमचेही किस्से येऊ द्या. पहिली बाटली कुणी दिली, कुठं फजिती झाली.

नाकतोडा
हिरवट म्हणजे वाळा. डोळे झाकून सांगतो. शर्टावर हिरवा डाग आहे का बघा.

चादरवाली
डाग आहे, पण तो हळदीचा वाटतोय :)

हुरडा
फजिती म्हणाल तर दादाचा बघायचा कार्यक्रम. मे महिना, ४२ डिग्री, पंखा गरम हवा फेकायलेला. भाऊ घरून अर्धी बाटली फवारून आलेला. मुलीची आजी बाहेर आली, तीन शिंका दिल्या आणि म्हणाली, "आधी खिडकी उघडा, मग बोलू." तीच मुलगी आता वहिनी आहे. सेंटची बाटली तिच्या ताब्यात, दादाला मोजून दोन फवारे मिळतात.

रातराणी
हुरडा, लई हसले!
माझा धडा महागात पडला. पुण्याच्या मॉलमध्ये कागदाच्या पट्टीवर वास घेतला, लिंबू-संत्र्यासारखा ताजातवाना, लगेच २८०० मोजले. घरी येईपर्यंत तो ताजेपणा उडाला आणि खाली उरली डांबरगोळी. वरचा वास पंधरावीस मिनिटांत जातो, दिवसभर सोबत राहतो तो खालचा, हे तेव्हा कुठं माहीत! आता मनगटावर लावून घेते, दुकानाबाहेर पडते, भाजी घेते, तासाभराने हुंगते. एका दिवशी तीनच्या वर नाही, नंतर नाक काही सांगतच नाही. आणि मनगटं एकमेकांवर घासत नाही.
ती बाटली? नवरा बाथरूममध्ये मारतो.

जुळेकर
बाटलीवरचं ईडीटी (ओ द तॉयलेट) आणि ईडीपी (ओ द परफ्युम) यात फरक काय? दुकानदार म्हणतो ईडीपी घ्या, टिकतं. महाग विकायचा डाव आहे का?

नाकतोडा
डाव नाही बे. ईडीपीत सुगंधी तेलाचं प्रमाण जास्त, म्हणून सहसा जास्त टिकतं. पण आपल्या उन्हात ऑफिसला ईडीटी बरं. दुपारी दोनला रिक्षात शेजारच्याचा जीव जाऊ नये. अत्तरात अल्कोहोलच नसतं, ते अंगाशी राहतं, खोलीभर पळत नाही.

जुळेकर
माझ्या अंगावर काहीच टिकत नाही. कातडी कोरडी.

रातराणी
आधी जरासं व्हॅसलीन किंवा तेल लाव, त्यावर मार. आणि बाटली खिडकीत ठेवू नकोस, उन्हानं वास बिघडतो.

उन्हाची_सून
उन्हावरून माझं ऐका. गळ्यावर लिंबाच्या वासाचं फवारून रोज स्कूटरनं होटगी रोड. महिनाभरात गळ्यावर काळपट ओघळ. सासूबाई म्हणाल्या नजर लागली. त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या, काही लिंबूवर्गीय तेलांवर ऊन पडलं की असे डाग येतात. आता कपड्यावरच मारते. डाग जायला वर्ष लागलं.

शेंगाचटणी
मी जरा वेगळं लिहिते. २०२१ ला कोविडनंतर मला वास यायचेच बंद झाले. गॅस चालू राहिला तरी कळेना, दूध नासलं तरी कळेना, लेकराच्या टाळूचा वास नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी रोज दोनदा हुंगायला सांगितलं, मन लावून. गुलाबासाठी रमजानमध्ये विजापूर वेशीतल्या मीना बाजारातून अत्तर आणलं. चाचांना कशाला पाहिजे ते सांगितलं तर पैसेच घेईनात. पाच महिने काही नाही. मग एक दिवस शेंगा भाजताना करपल्या आणि ते मला नाकाने कळलं! कढई तशीच ठेवून रडत बसले. गुलाब त्यानंतर दोन महिन्यांनी आला.

उन्हाची_सून
ताई :( टच झालं.

हुरडा
आता चटणीची रेसिपी टाकाच. लसूण किती?

शेंगाचटणी
भरपूर. आणि मिक्सरला लावू नका, उखळात कुटा, तेल सुटेपर्यंत. पाणी आलं, भरून येते.

जुळेकर
आज तुमच्याकडे? आमची पाळी उद्या. हंडे रांगेत लावून ठेवलेत.

दूरदेशी
पाण्याची पाळी वाचून गावाकडं आल्यासारखं वाटलं. इथं परदेशात ऑफिसात सेंट लावून येऊ नका अशी पाटीच आहे. बॅगेत मातीच्या अत्तराची कुपी ठेवतो. भट्टीत भाजलेली माती पाण्यात उकळून, ती वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, उत्तर प्रदेशात कनौजला. जूनमध्ये बाळीवेशीत पहिला पाऊस पडतो ना, तस्सा. लावत नाही, नुसता उघडतो.

नाकतोडा
मातीचंच असेल का मग चादरवालींचं? माझा वाळा मागे घेतो.

चादरवाली
आज कुपी घेऊन विजापूर वेशीत जाऊन आले. म्हाताऱ्या अत्तरवाल्यांनी बूच नाकाशी धरलं न धरलं तोच म्हणाले, "मजमुआ." वाळा, माती, केवडा, कदंब असं सगळं एकत्र. म्हणजे नाकतोडा, तुम्ही अर्धे बरोबर, दूरदेशीही अर्धे. पाव तोळा घेऊन आले, आईच्या हातावर लावलं. तिनं वास घेतला आणि मान हलवली, "हे नव्हे. हे लई कडक आहे."
मी हिरमुसले. रात्री भाकऱ्या थापता थापता तिलाच आठवलं. अत्तर परवडायचं नाही, म्हणून बाबा कुपी आणली की निम्म्यात खोबरेल ओतायचे. वर्षभर पुरायची.
आता वाटीत घेऊन प्रमाण जमवायलेय. चौथा प्रयत्न. आई म्हणते, अजून घाल.

रातराणी
खोबरेल घाण्याचं घ्या गं, विकतच्या सुगंधीनं बिघडेल.

शेंगाचटणी
आले पाणी भरून. लसूण अर्धा किलो शेंगांना एक अख्खा गड्डा, कोण विचारत होतं?